पाणी पिऊन ये

निहार आणि ईरा,

परवा फोनवर निहार म्हणाला, "आजी, आय ॲम आऊट." मी आधी घाबरलेच. मग कळलं की शाळेच्या फुटबॉल संघातून त्याला वगळलंय आणि आता तो मैदानाकडे फिरकणारसुद्धा नाही. ईरा मागून ओरडली, "आणि तो रडला, आजी!" त्यासरशी फोन बंद झाला.

अशा वेळी आजीने समजूत घालायची असते. मला ते जमत नाही. मी जन्मभर मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवलं. चुका दाखवणं हा माझा धंदा. पण 'आऊट' हा शब्द ऐकला आणि मला गायकर सर आठवले. जगातले हे एकमेव क्रीडाशिक्षक असावेत की ज्यांनी सगळ्या नोकरीत 'बाद' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. मागच्या माघात ते गेले. आता लिहिलं नाही तर राहून जाईल, म्हणून आज सकाळची कामं उरकून बसले आहे. आईकडून वाचून घ्या. कठीण शब्द घातलेले नाहीत.

आपल्या श्रीवर्धनहून दिघीकडे जाताना डाव्या हाताला एक बालसदन लागतं, ते तुम्ही गाडीतून पाहिलंय. आईबाप नसलेली, किंवा असून सांभाळू न शकणारी मुलं तिथे राहतात. पुढे मैदान, मागे कौलारू इमारत, त्यामागे थोड्या सुपाऱ्या आणि मग समुद्र. हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर मी तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी इंग्रजी शिकवायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी फाटकातून आत शिरले तर मैदानावर कबड्डी चाललेली. एका पोराला चौघांनी मिळून लोळवलं होतं. कडेला पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेला, अनवाणी, काटकुळा माणूस उभा. त्याने शिट्टी वाजवली आणि त्या पोराला अगदी मायेने सांगितलं, "जा, पाणी पिऊन ये."

मला वाटलं, किती काळजीवाहू माणूस! मग दुसऱ्याला सांगितलं, "तू पन पाणी पिऊन ये." मग तिसऱ्याला. मी मनात म्हटलं, या मुलांना मधुमेह तर नाही?

स्वयंपाकाच्या काशीबाई पदराला हात पुशीत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाणी न्हाय हो बाई. बाद झाली ती पोरं. आमचे सर तसं बोलत न्हाईत."

"का?"

"कुनाला ठावं. जिभेला फोड येत आसंल."

ईरा, तुला कबड्डी ठाऊक नाही म्हणून सांगते. गडी बाद झाला की मैदानाबाहेर बसतो, आणि त्याच्या संघाने समोरचा कुणी टिपला की पुन्हा आत येतो. सरांना हा खेळ सगळ्यांत आवडायचा तो एवढ्याचसाठी. क्रिकेटवर त्यांचा राग होता. "त्यात गेला तो गेला," म्हणायचे. "काय खेळ हाय का तो? मयत हाय."

बालसदनाचा सगळा दिवस त्यांनी कबड्डीत बसवला होता. जेवणघरातसुद्धा मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची एक रेघ असायची. ती कितीही पुसली तरी संध्याकाळी परत उमटायची. शेवटच्या भाकरीवरून दोघांचं भांडण झालं की त्या रेघेवर एकेक चढाई, जिंकेल त्याची भाकरी. जिंकणारा अर्धी तोडून हरणाऱ्याला देणार, हा नियमच. मग चढाई कशाला, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "बाई, फुकट मिळालेली अर्धी आनि हरून मिळालेली अर्धी, दोघींची चव येगळी." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

किनाऱ्यावरून कुणी बांगड्यांची पाटी पाठवली की त्या दिवशी कालवण. ते किती तिखट झालंय हे बघायची सरांची रीत म्हणजे एक घास खाऊन एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं. दम लांब गेला तर कालवण मुलांना वाढायचं, मध्येच ठसका लागला तर नारळाचा रस वाढवायचा. काशीबाई कढईवर झाकण आपटत. "माझ्या कालवनाला पंच नको हाय!"

"पंच नसला तर भांडनं व्हतात, काशीबाय."

"भांडनं तुमच्यामुळंच व्हतात."

माझ्या वर्गातही ते येऊन बसायचे, मागच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन. एकदा मी फळ्यावर 'नी' म्हणजे गुडघा हा इंग्रजी शब्द लिहिला आणि सांगितलं की याच्या सुरुवातीला 'के' आहे, पण त्याचा उच्चार करायचा नाही. मुलं गोंधळली. सरांनी हात वर केला.

"मग तो करतो काय तिथं?"

"काही नाही. तो नुसता असतो."

"म्हंजे राखीव गडी," सर मुलांकडे वळून म्हणाले. "बसलाय बाकावर. पन संघात हाय का न्हाय? हाय. त्याला काढून शब्द लिवला तर बाई चूक देनार का न्हाय? देनार. मग त्याला विसरायचं न्हाय, पोरांनू."

त्यानंतर बालसदनातल्या एकाही मुलाने तो 'के' कधी गाळला नाही. हायस्कुलात मी ज्यांना हा शब्द शिकवला, त्यांच्यातली निम्मी तो अजून गाळतात.

त्यांच्या या न बोलण्यापायी एकदा श्रीवर्धनला फार गमतीचा प्रसंग झाला. शाळांचे सामने होते आणि एक पंच आला नाही, म्हणून सरांच्या हाती शिट्टी दिली. पहिल्याच चढाईत पाहुण्या शाळेचा एक दांडगा मुलगा पकडला गेला. सरांनी शिट्टी वाजवली, "जा, पाणी पिऊन ये."

मुलगा आज्ञाधारक होता. धावत नळावर गेला, पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि परत येऊन आपल्या जागेवर उभा राहिला. खेळ सुरू! दोन्ही शाळांचे शिक्षक मैदानात घुसले.

"अहो सर, हा गडी बाद की नाही?"

"तो पाणी प्यायला गेल्ता."

"ते दिसलं! पण बाद ना?"

"तसं तुम्ही म्हना. मी न्हाय म्हननार."

"पंच तुम्ही आहात!"

"म्हनूनच."

अर्धा तास हा वाद चालला. शेवटी मुख्य पंचांनी गायकर सरांनाच शिट्टी खाली ठेवायला सांगितली. सरांनी ती ठेवली, मुलांकडे बघून हसले, आणि "मी जरा पाणी पिऊन येतो" म्हणून निघून गेले. त्यानंतर तालुक्यात त्यांना कुणी पंच केलं नाही.

त्यांचा दुसरा आवडता विषय म्हणजे माणगावचा भाचा. "भाचा जीव टाकतो हो बाई. रोज फोन. मामा, कधी येतास, मामा, कधी येतास." या भाच्याचा धंदा अधूनमधून बदलायचा. एकदा तो एसटीत कंडक्टर होता, एकदा त्याची भाताची गिरणी होती, आणि एका पावसाळ्यात त्याने हायवेला हॉटेल टाकलं होतं. मी नीटनेटकी बाई. मला ही विसंगती खुपायची. पण काही माणसं धडपडी असतात, असं म्हणून मी सोडून द्यायची.

आता सुगंधाबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सुगंधा आली तेव्हा साधारण ईराएवढी होती. आई गेलेली, बाप वीटभट्टीवर, कुठल्या ते माहीत नाही. ती बोलायची नाही. जेवण झालं की फाटकाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसायची. काशीबाईंनी हाका मारल्या, मी गोष्टींची पुस्तकं दाखवली, काही उपयोग नाही. सरांनी तिला एक शब्द विचारला नाही. त्यांनी फक्त एक केलं. पाण्याचा रांजण स्वयंपाकघराच्या पायरीशी असायचा, तो त्यांनी दोन मोठ्या मुलांना घेऊन उचलला आणि मैदानाच्या टोकाला, फाटकाच्या आत, सुगंधाच्या शेजारी आणून ठेवला.

काशीबाई संतापल्या. "आता मी पान्यासाठी फाटकापरेंत जाऊ?"

"चालल्यानं गुडघं बरं ऱ्हातात," सर म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "त्यातला 'के' पन."

आता जो कोणी बाद होई तो पाणी प्यायला सुगंधापाशी येई. एकच पितळी पेला, आणि तो तिच्या हाताशी. पहिले काही दिवस मुलं स्वतःच घेत. मग एकजण म्हणाला, "दे गं." तिने दिला. मग दुसऱ्याला दिला. पुढे पुढे कोण धापा टाकत येतोय हे बघून ती आधीच भरून ठेवू लागली. सगळ्यांची नावं तिला अशी पाठ झाली. कोण चुकून बाद होतो, कोण आळसाने, कोण डाव्या अंगाला कच्चा आहे, हेही तिला कळू लागलं. आणि एका शुक्रवारी मी फाटकात शिरले तर रांजणापाशी कुणीच नव्हतं. सुगंधा मैदानात मध्यरेषेवर 'कबड्डी कबड्डी' म्हणत उभी होती. तिला लगेच पकडलं. सर तेवढंच म्हणाले, "जा, पाणी पिऊन ये." ती गेली, प्यायली आणि रस्त्याकडे न बघता परत धावत आली.

दोन-तीन वर्षांत ती मुलींच्या संघाची कप्तान झाली.

मग सर निवृत्त व्हायची वेळ आली. वय कधीच उलटून गेलं होतं. मुंबईहून कधीमधी येणाऱ्या कार्यवाह साठेसाहेबांच्या ते उशिरा ध्यानात आलं इतकंच. साठेसाहेब वाईट माणूस नव्हेत. नवा शिक्षक यायचा होता, त्याला राहायला सरांची खोली हवी होती, आणि सरांना माणगावला भाचा होता. "भाचा काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं. सर म्हणाले, "जीव टाकतो." प्रश्न मिटला.

निरोपाचा कार्यक्रम जेवणघरात झाला. शाल, श्रीफळ, साठेसाहेबांचं भाषण. मुलांच्या वतीने सुगंधा बोलणार होती. भाषण मीच लिहून दिलं होतं, चांगलं घोटवून घेतलं होतं. त्यात 'ऋणानुबंध' हा शब्द तिला दहादा म्हणायला लावला होता. ती उभी राहिली. सरांकडे बघितलं. शब्द काही फुटेना. मी पहिल्या रांगेतून ओठ हलवून सुरुवात सांगतेय, ती माझ्याकडे बघतही नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली,

"सर, पाणी पिऊन या."

आणि खाली बसली.

साठेसाहेब चटकन उठले. "अरे, हो हो, सरांना पाणी द्या कुणीतरी! किती उकडतंय." काशीबाईंनी तोंडाला पदर लावला, तो हसू लपवायला की आणखी कशाला, मला कळलं नाही. कुणीतरी पेला आणून सरांपुढे धरला. सरांनी तो हातात घेतला, बघितला आणि न पिता टेबलावर ठेवला. मुलं हसली नाहीत. सरही हसले नाहीत.

मला त्याच रस्त्याने घरी जायचं होतं. म्हणून सरांबरोबर मीही एसटीच्या थांब्यावर येऊन बसले. त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि ती शाल. उन्हाळा होता, दुपार टळत आली होती. शेजारच्या टपरीवर माठ होता, वर पालथा ग्लास. माणगावची गाडी आली.

"सर, गाडी!"

"गर्दी हाय," सर म्हणाले. गाडीत निम्म्या जागा रिकाम्या होत्या.

बऱ्याच वेळाने दुसरी आली. सर उठले, ड्रायव्हरकडे निरखून पाहिलं आणि परत बसले. "तोंडावरनंच फाऊल वाटतो."

तेवढ्यात माझ्या श्रीवर्धनच्याही दोन गाड्या निघून गेल्या. मला वेळेचा खोळंबा सहन होत नाही, हे तुमच्या आईला विचारा. पण सरांचे ओठ सुकले होते, हे मला दिसत होतं. मी पिशवीतून माझी बाटली काढली. "घ्या, पाणी घ्या."

"नको, बाई."

"अहो, सकाळपासून तुम्ही पाणी घेतलं नाहीत."

"नको. प्यायलो तर घोटाळा होईल."

"कसला घोटाळा?"

"पोर काय म्हनली ते ऐकलंत ना? पाणी पिऊन या. आता प्यायलो, की परत जायला लागंल."

मी हसायला गेले, पण त्यांच्या तोंडाकडे बघून थांबले.

"मानगावात कोन न्हाय माझं," सर म्हणाले. "भाचा पन न्हाय. मला बहीनच न्हाय, तर भाचा कुठला?"

समोरच्या रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याची धूळ त्यांनी शालीवरून झटकली.

"मी हितलाच हाय, बाई. या सदनातला. आता कुनाला ठावं न्हाय, तवाची मानसं ऱ्हायली न्हाईत. काकानं आनला मला. त्या फाटकाशी बसवला. म्हनला, तू बस हितं, मी पाणी पिऊन येतो."

सरांनी पेटी पायाशी ओढून घेतली.

"बसलो. रोज बसायचो. हितंच आला आसंल तो, या थांब्यावर. हितनंच गाडी पकडली आसंल." मग अगदी नियम समजावून सांगावा तसं ते म्हणाले, "तवा फाटकाशी पाणी नव्हतं ना. आसतं, तर त्याला हितपरेंत यायला लागलं नसतं."

निहार, ईरा, मी तुमच्या आजोबांच्या वेळीसुद्धा चारचौघांत रडले नव्हते. तिथेही रडले नाही. मी फक्त बाटलीचं झाकण काढलं आणि ती त्यांच्या हातात दिली. वर्गात आज्ञा द्यायची तशाच आवाजात म्हटलं, "प्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाटली वर धरून घटाघटा, सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. पेटी उचलली.

"चला," म्हणाले. "उशीर झाला."

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा मैदानावर मुलींचा खेळ चालला होता. सुगंधा चढाईवर होती, दम धरलेला. तिला बोलता येत नव्हतं. तिने सरांना पाहिलं, तीन जणींना झटपट शिवून मागे आली, आणि मग धापा टाकत म्हणाली, "किती वेळ, सर?"

"गर्दी व्हती," सर म्हणाले. पेटी खाली ठेवली, चपला काढल्या, पँट दुमडली. "ए, त्या तिघी काय बघता? जावा, पाणी पिऊन या."

साठेसाहेब अजून कचेरीतच होते. मी आत जाऊन सांगितलं, "गायकर सर पाणी पिऊन आले."

"बरं झालं. गाडी कितीची आहे त्यांची?"

ते समजावून सांगायला मला तासभर लागला. साहेब नियमाला धरून होते. मीही नियमाचीच माणूस, त्यामुळे आमचं जुळलं. नव्या शिक्षकाला खोली मिळाली. सर खेळाच्या सामानाच्या खोलीत, चटया आणि फक्कीच्या पोत्यांमध्ये राहायला गेले आणि तिथे त्यांना छान झोप लागायची. "नोंद काय करायची यांची?" साहेबांनी शेवटी वैतागून विचारलं. काशीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिवा की. राखीव गडी."

त्यानंतर सर बरीच वर्षं होते. शेवटी शेवटी त्यांना मैदानावर उभं राहवत नसे. मग रांजणाशेजारी खुर्ची टाकून ते बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाला पेला भरून देत. साहेबांनी एकदा तो पितळी पेला साखळीने बांधून टाका, चोरीला जाईल, असं सुचवलं. सर म्हणाले, "बांधलेल्या पेल्यातनं पाणी प्यायलं की मानूस पळून जातो, साहेब." पेला तसाच मोकळा राहिला. माणगावच्या भाच्याचा फोन मात्र चालूच होता. मी एकदा मुद्दाम विचारलं तर म्हणाले, "आता कोलंबीचा धंदा करतो."

सुगंधा आता रोह्याला एका शाळेत खेळ शिकवते. सर गेले तेव्हा ती आली होती. कुणी काही बोलायच्या आत तिने पेला भरून त्यांच्या खुर्चीपाशी ठेवला, आणि बाकीची कामं करायला गेली.

तर निहार, तुझ्या फुटबॉलचं मला काही कळत नाही. त्यात गडी परत आत येतो की नाही, हे तू मला रविवारी सांग. गेल्या मंगळवारी मी बालसदनात गेले होते. नवा शिक्षक आता जुना झालाय, त्याने शिट्टी वाजवली आणि एका मुलाला म्हणाला, "जा, पाणी पिऊन ये." तो कधीपासून तसं म्हणतो, त्याचं त्यालाही आठवत नाही.

रांजण फाटकाच्या आत, तिथेच आहे. पेला बांधलेला नाही. मुलं रोज सकाळी तो रांजण भरतात.